बोट सोललं तो हिवाळा

नोव्हेंबर सरत आला की वाकडच्या या बाराव्या मजल्यावर एका सकाळी हवा बदलते. खाली रस्त्यावर कंपन्यांच्या बसगाड्या रोजच्यासारख्याच रांगेनं उभ्या असतात, पण गॅलरीचं दार उघडलं की आत येणारा वारा कोरडा असतो. ओठ तडकतात. हाताच्या पाठीवर नखानं ओढल्यासारख्या पांढऱ्या रेघा उमटतात. सून म्हणते, "आई, क्रीम लावा." मी लावते, आणि हातावर हात चोळता चोळता मला दुसऱ्याच एका हाताची कातडी आठवायला लागते.

यंदा थंडीबरोबर पेपरात एक बातमीही आली. कुठल्याशा तालुक्याच्या गावचा एक मुलगा, फिरकी टाकणारा, मोठ्या सामन्यांचा फारसा अनुभव नसलेला, देशाच्या संघात घेतलाय. फोटोत त्याची आई त्याला पेढा भरवत होती. नातू म्हणाला, "आजी, आजोबांसारखंच की गं." मी हो म्हटलं, पेपर घडी करून ठेवला, आणि दिवसभर माझं कशातच लक्ष लागलं नाही. नातवाला एवढंच ठाऊक आहे की आजोबा एकदा देशाकडून खेळले. ते कसे निवडले गेले, हे त्याला कुणी सांगितलेलं नाही. सांगायला आता मीच उरले आहे.

ती पन्नास-साठच्या दरम्यानची गोष्ट. पिंपरीत औषधाचा सरकारी कारखाना नुकताच सुरू झाला होता. त्याच्या भिंती इतक्या पांढऱ्या होत्या की उन्हात बघवत नसत. अलीकडं निर्वासितांच्या छावणीच्या बराकी, पलीकडं शाळूची शेतं, आणि मध्ये आगगाडीचे रूळ. आम्ही चिंचवड गावात दोन खोल्यांत राहत होतो. हिवाळ्यात पवनेवर धुकं असं बसायचं की पाण्याला गेलेल्या बायका एकमेकींना आवाजावरून ओळखत. हे सकाळच्या पाळीला निघाले की दहा पावलांवर दिसेनासे व्हायचे, आणि नंतर बराच वेळ त्यांच्या वहाणांचा आवाज तेवढा येत राहायचा.

ह्यांचं नाव नामदेव. मूळचं घर चाकणजवळ महाळुंग्याला. मामंजी, म्हणजे माझे सासरे, तिथं कांदा करायचे. ह्यांनी आधी देहूरोडच्या लष्करी डेपोत हंगामी काम केलं होतं. तिथले अधिकारी संध्याकाळी बॅट घेऊन मैदानावर यायचे आणि त्यांना चेंडू टाकायला कुणीतरी लागायचं. तिथं ह्यांचं बोट चेंडूच्या शिवणीवर पहिल्यांदा बसलं. अंगठ्याशेजारच्या बोटानं असा पीळ द्यायचा की चेंडू टप्पा पडल्यावर आत वळायचा. कुणी शिकवलं नव्हतं. पुढं कारखान्यात लागले, कारखान्याच्या क्लबात खेळले, मग पुण्याच्या क्लबात, आणि त्या वर्षी प्रांताकडून दोन सामने. एवढाच सगळा अनुभव.

कारखान्यात ह्यांचं काम बाटल्या धुण्याच्या खात्यात. दिवसभर हात कढत पाण्यात. कातडी भिजून मऊ व्हायची, आणि संध्याकाळी त्याच बोटानं काथ्याच्या मॅटवर चेंडू पिळायचा. दिवाळीनंतर थंडी पडली, हवा कोरडी झाली, आणि एक दिवस ह्यांच्या तर्जनीच्या आतल्या बाजूची कातडी शिवणीनं सोलून काढली. मी तुरटीचं पाणी करायची, तूप लावायची. धरायला लागलेली खपली दर रविवारी पुन्हा निघायची. जेवताना हे त्या बोटाला वर धरून बाकीच्या बोटांनी भाकरी मोडायचे. मला हसू यायचं. सुरुवातीला.

त्याच हिवाळ्यात देशाचा संघ मार खात होता. बाहेरून आलेल्या पाहुण्या संघाकडं असे वेगवान गोलंदाज होते की आपल्या फलंदाजांच्या बरगड्या शेकून निघत होत्या. मला क्रिकेटातलं तेव्हा काही कळत नव्हतं, पण माणसांची तोंडं कळत होती. सामना असला की पिंपरीच्या बाजारात लोक रेडिओभोवती उभे राहायचे आणि दुपारपर्यंत एकेक करून मान खाली घालून निघून जायचे. एक सामना गेला, दुसरा गेला, मग तिसरा. कर्णधार बदलला. ज्येष्ठ फिरकी गोलंदाजाचा खांदा धरला. दुसरा एक होता, तो मंडळाशी भांडून घरी बसला. स्वातंत्र्य मिळून फार वर्षं झाली नव्हती. हरणं लोकांना अंगाला लागायचं. शिकलेले-सवरलेले लोक रस्त्यात उभे राहून म्हणायचे, कुणालाही घ्या, पण काहीतरी करा.

त्या "कुणालाही" या शब्दात आमचं घर होतं, हे मला माहीत नव्हतं.

एका रविवारी भाऊसाहेब आले. त्यांचं खरं नाव मी लिहीत नाही. ते स्वतः एके काळी खेळलेले, पुण्याचे, आणि त्या वेळी संघ निवडणाऱ्या समितीत होते. उंच, वाकलेले, डोक्यावर उन्हाची टोपी. चिंचवड स्टेशनावर उतरून टांग्यानं थेट मैदानावर गेले. मामंजी त्या दिवशी कांद्याची पाटी घेऊन आमच्याकडं आलेले होते. ते मला म्हणाले, "चल, बघू तरी काय म्हनतोय सायेब." एरवी बायका मैदानाकडं जात नसत. आम्ही दोघं बांधावरच्या लिंबाखाली उभे राहिलो.

मॅटवर ह्यांनी चेंडू टाकले. प्रत्येक चेंडू टप्पा पडून साप फिरावा तसा आत यायचा. कारखान्याचा चांगला फलंदाज समोर होता, त्याला बॅट लावता येईना. मला वाटलं, झालं. पण भाऊसाहेबांनी मॅटचे खिळे उपटायला लावले, मॅट गुंडाळून बाजूला ठेवायला सांगितली, आणि उघड्या जमिनीवर टाक म्हणाले. मोठे सामने मॅटवर होत नाहीत, गवत कापून रोलर फिरवलेल्या खेळपट्टीवर होतात. जमिनीवर ह्यांचा चेंडू सरळ जायला लागला. हे जास्त पीळ देत होते, हे लांबूनही दिसत होतं. खांदा खाली पडत होता. एखादा चेंडू वळायचा, पुढचे चार नुसते जायचे. मग भाऊसाहेबांनी हात वर केला आणि ह्यांना जवळ बोलावलं. आम्हीही पुढं गेलो.

"बोट दाखव," ते म्हणाले.

ह्यांनी दाखवलं. रक्त तळव्यापर्यंत आलं होतं.

"कधीपासून?"

"दिवाळीपासून. टाकताना दुखत नाही. नंतर दुखतं."

"गवताच्या खेळपट्टीवर किती खेळलायस?"

"दोनदा. पुण्यात."

भाऊसाहेबांनी टोपी काढली. त्यांचे डोळे लाल होते, प्रवासानं की जागरणानं, कोण जाणे. ते म्हणाले, "नामदेव, तुझ्याशी खोटं बोलत नाही. तू अजून तयार नाहीस. पण आमच्याकडं दुसरं कुणी उरलेलं नाही. उद्या समितीत मी तुझं नाव घेतलं तर येशील?"

हे काही बोलायच्या आत मामंजी बोलले. "सायेब, कच्चं पोरगं हाय. त्याचं बोट तर बघा. औंदा ऱ्हाऊ द्या. पुढल्या साली न्या, आमी आडवं यायचो न्हाई."

"आजोबा, पुढच्या साली मी असेन की नाही ठाऊक नाही," भाऊसाहेब म्हणाले. "आणि यंदा असंच चाललं तर पुढच्या साली या पोरांचा खेळ बघायला तरी कोण येणार?"

मामंजींनी माझ्याकडं पाहिलं. मी ह्यांच्याकडं पाहिलं. हे आपलं बोट पांढऱ्या पँटच्या खिशाला पुसत होते. ती पँट क्लबाची होती.

"येतो," हे म्हणाले.

संध्याकाळी भाकरी थापताना मी विचारलं, "बोट बरं नाही, तयारी नाही, ते स्वतःच सांगतायत. मग कशाला हो म्हणालात?" चुलीपुढं बसून हे हात शेकत होते. म्हणाले, "इंदू, पुन्हा कोण येणार हाय विचारायला?"

ते वाक्य मला माझंच वाटलं. मलाही असंच घाईत निवडलं होतं. सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या, घरात करणारं कुणी नाही, म्हणून आठवड्याभरात पाहणं, पसंती आणि अक्षता झाल्या होत्या. लग्नानंतर दीड महिन्यात सासूबाई गेल्या. त्यानंतर कित्येकदा भांडी घासताना माझ्या मनात यायचं, त्या आजारी नसत्या आणि मामंजींनी चार घरं हिंडून पाहिली असती, तर मला घेतलं असतं का? अडचणीत निवडलेल्या माणसाला हा प्रश्न सोडत नाही. कुणी वाईट वागवत नाही, कुणी बोलून दाखवत नाही, पण तो प्रश्न ताटावर येऊन बसतो.

नाव रेडिओवर इंग्रजी बातम्यांत आलं. आमच्याकडं रेडिओ नव्हता. पिंपरीच्या छावणीत लछमनदास नावाचे सिंधी कापडवाले होते, सगळं मागं टाकून आलेले, बराकीच्या पुढच्या खोलीत दुकान मांडलेले. ते चालत चिंचवडला आले आणि दारातून म्हणाले, "ताई, आपले नामदेव! हिंदुस्तानच्या टीममध्ये!" त्यांच्या हातात पानात बांधलेली मिठाई होती. गल्लीतली माणसं जमली. कारखान्यात हार घातला, रजा दिली. मामंजींनी गावात पेढे वाटले नाहीत. ते म्हणाले, परत येऊ दे, मग वाटू.

सामना मद्रासला होता. निघताना मी तुपाची डबी आणि स्वच्छ फडक्याच्या पट्ट्या पिशवीत ठेवल्या. स्टेशनावरून गाडी सुटली तेव्हा हे डब्याच्या दाराशी उभे होते, आणि चेहऱ्यावर आनंद नव्हता, भीतीही नव्हती. शाळेतल्या मुलाला अचानक फळ्यासमोर बोलावल्यावर तो जसा दिसतो, तसे दिसत होते.

इतकी वर्षं झाली, पण हिवाळ्यातली दुपारची उन्हं खोलीत तिरपी आली की मी अजून लछमनदासांच्या दुकानात बसलेली असते. कापडाच्या गठ्ठ्यांचा खळीचा वास. फळीवर रेडिओ, त्याच्यावर क्रोशाचा रुमाल. दुकानाबाहेर रस्त्यापर्यंत माणसं. मला आणि मामंजींना आत गादीवर बसवलेलं. सामन्याचं सगळं वर्णन इंग्रजीत. लछमनदास ऐकायचे आणि आम्हाला सांगायचे.

"आता नामदेव आले. बॉल टाकला. अच्छा बॉल, एकदम अच्छा."

सुरुवात खरंच चांगली झाली होती, हे मला नंतर कळलं. पहिल्याच काही षटकांत पाहुण्यांच्या सगळ्यात मोठ्या फलंदाजानं ह्यांचा चेंडू उंच मारला. रेडिओतला आवाज एकदम चढला. लछमनदास उठून उभे राहिले, दोन्ही हात वर. बाहेरचे लोकही उठले. मामंजींनी माझा दंड धरला. आणि मग रेडिओतून एक आवाज आला, हजारो माणसांनी एकाच वेळी श्वास सोडल्यासारखा. लछमनदासांचे हात खाली आले.

"छूट गया," ते म्हणाले. "हातात आला होता. छूट गया."

त्यानंतर ते दिवसभर आम्हाला "अच्छा बॉल" म्हणत राहिले. पण आता ते माझ्याकडं न बघता बोलत होते. मला इंग्रजी येत नव्हतं, तरी मधूनमधून येणारं ह्यांचं नाव ऐकू यायचं, वेगळ्याच उच्चारात, तोंडात खडा असल्यासारखं. नावानंतर टोला बसल्याचा टक् आवाज यायचा, आणि मग मैदानावरची शांतता. आपल्याच लोकांची शांतता. पुढं पुढं तीही संपली आणि हुर्यो ऐकू यायला लागली. हुर्योला भाषा लागत नाही.

बाहेर एक कॉलेजात शिकणारा तरुण होता. तो मित्रांना खरं खरं भाषांतर करून सांगत होता. मारतायत, पुन्हा मारला, आता षटकार. शेवटी तो हसून म्हणाला, "कुठून धरून आणलाय हो हा?"

मामंजी गादीवरून उठले. त्यांचे गुडघे दुखायचे, उठायला वेळ लागला. दुकानाच्या पायरीवर उभे राहून म्हणाले, "महाळुंग्याहून आनलाय. माझा ल्योक हाय त्यो."

त्या तरुणानं खाली पाहिलं, मग पुढं येऊन मामंजींच्या पायाला हात लावला आणि निघून गेला. मामंजी परत येऊन बसले. मला म्हणाले, "त्याला थांबवत का न्हाईत? पोराला दुसरं काय काम न्हाई का दिवसभर?"

थांबवत नव्हते, कारण दुसरा गोलंदाज लंगडायला लागला होता आणि कर्णधाराकडं चेंडू द्यायला खरोखरच कुणी नव्हतं. जिथून निवड सुरू झाली होती, तिथंच ती अडकली होती. दिवस मावळेपर्यंत हे टाकत राहिले. एकही बळी मिळाला नाही. आपला संघ डावानं हरला.

परत आले तेव्हा स्टेशनावर मी आणि मामंजी दोघंच होतो. ह्यांनी पिशवी माझ्याकडं दिली आणि म्हणाले, "गाडीत गर्दी होती." बस, तेवढंच. घरी आल्यावर मी ती पांढरी पँट धुवायला काढली. खिशापाशी दोन प्रकारचे लाल डाग होते. एक चेंडूचा रंग, तो साबणानं फिका झाला. दुसरा गेला नाही. मी नदीवर बसून तो घासत होते आणि शेजारच्या बायका काही विचारत नव्हत्या, आणि त्यांचं न विचारणं मला विचारण्यापेक्षा जास्त लागत होतं.

हे दुसऱ्या दिवशी कामावर गेले. पाळीतला एकजण म्हणाला, "काय राव, मद्रासची इडली मानवली नाही वाटतं?" लोक हसले. हार घालणारेच ते लोक. मला हे दुसऱ्या कुणाकडून कळलं. घरी हे गप्प. भाजी अळणी झाली तरी गप्प. रात्री कूस बदलायचे तेव्हा खाटेची दोरी करकरायची, त्यावरून जागे आहेत हे कळायचं.

आणि ते बोट. आठवड्यात ते सुजून हळकुंडासारखं झालं. हे कढत पाण्यात हात घालतच होते. एका दुपारी पाळीतून घरी पाठवलं, अंगात ताप फणफणलेला. मी बाही वर सारली तर मनगटापासून कोपरापर्यंत एक लाल रेघ चढलेली. मामंजी गावाहून आले. कारखान्याच्या दवाखान्यातले डॉक्टर बोट उलटसुलट करून बघत म्हणाले, "उशीर केलात. विष वर चढलंय. इंजेक्शनं देतो, पण उतरलं नाही तर बोट काढावं लागेल. कदाचित जास्तही."

मामंजी खाली जमिनीवर बसले. पौष चालू होता, गावाकडं कांद्याची लागण अर्ध्यावर पडली होती. ते डॉक्टरांना नाही, कुणालाच उद्देशून नाही, असे बोलत राहिले. "बोटाबिगर रोप कसं धरायचं? चिखलात रोप दाबतात ते ह्याच बोटानं. चेंडू गेला तर गेला, सायेब. त्याला हातानं खाऊ तर द्या." ह्यांनी डोळे मिटलेले होते. कडेनं पाणी आलं आणि कानात गेलं. लग्नानंतर मी त्यांना पहिल्यांदा रडताना पाहिलं. मद्रासहून आल्यावरही ते रडले नव्हते.

मी त्या दिवसांत देवाला काही बोलले नाही, नवस केला नाही. मला कुणाचा तरी राग करायचा होता. भाऊसाहेबांचा राग करून पाहिला. पण बांधावरचा तो माणूस डोळ्यांपुढं यायचा. त्यानं फसवलं नव्हतं. तयार नाहीस म्हणून तोंडावर सांगितलं होतं. ह्यांचा राग करावा, तर पुन्हा कोण येणार विचारायला, हे वाक्य कानात यायचं. झेल सोडणाऱ्याचा राग केला, पण त्याचं मी तोंडही पाहिलं नव्हतं. बुडणारा माणूस हाताला लागेल त्याला धरतो, आणि ज्याला धरतो तोही पाण्यात जातो. यात पाप कुणाचं, हे मला आजही ठरवता आलेलं नाही.

इंजेक्शनं लागू पडली. आमच्याच कारखान्यातलं औषध, ह्यांनी धुतलेल्या बाटल्यांसारख्याच बाटल्यांतून आलेलं. लाल रेघ हळूहळू खाली उतरली. बोट राहिलं, पण वरचं पेर कायमचं ताठ झालं. भाकरी मोडता यायची, रोप दाबता यायचं, सही करता यायची. चेंडूला पीळ देता येत नव्हता. डॉक्टरांनी ते सांगितलं तेव्हा हे म्हणाले, "बरं." त्यांचं खातं बदललं, कोरड्या कामावर घेतलं. मैदानाच्या बाजूचा रस्ता सोडून हे लांबच्या रस्त्यानं घरी यायला लागले.

पुढं आयुष्य काही वाईट गेलं नाही. मुलं झाली, शिकली. मामंजींची जमीन कारखान्यांत गेली, आज तिथं मोटारींचे भाग बनतात आणि चाकणच्या रस्त्यावर कांद्यापेक्षा ट्रक जास्त दिसतात. हे नोकरीतून मानानं निवृत्त झाले, आणि गेले तेही शांतपणे गेले. पण मला ठाऊक आहे की त्या हिवाळ्यानंतरचं एक अख्खं वर्ष आमच्या घरात एक माणूस राहत नव्हता, त्याचे नुसते कपडे हिंडत होते. मद्रास हा शब्द घरात निघायचा नाही. खेळाची पानं असलेला पेपर मी चुलीला लावायची. मामंजी गावाहून आले की कांद्याचं बोलायचे, पावसाचं बोलायचे, आणि बोलणं संपलं की तिघंही ताटाकडं बघत जेवायचो. मी रात्रंदिवस एकाच धास्तीत असायची, की हा माणूस असाच राहणार. आपण याच्याशी संसार करणार आणि याच्याशी कधी भेट होणार नाही.

पुढचा हिवाळा आला. पुन्हा धुकं, पुन्हा हरभऱ्याचे घाटे बाजारात. एका रविवारी दुपारी दारात टांगा थांबला आणि भाऊसाहेब उतरले. वर्षभरात दहा वर्षांनी म्हातारे झाले होते. त्यांना समितीतून काढलं होतं, हे लछमनदासांकडून मला कळलेलं होतं. हे बाजेवर बसले होते, उठून उभे राहिले. मी पाट मांडला, पाणी दिलं, चहाला आधण ठेवलं. खोल्या दोनच, त्यामुळं सगळं ऐकू येत होतं.

"बोट दाखव," भाऊसाहेब म्हणाले.

ह्यांनी हात पुढं केला. भाऊसाहेबांनी तो आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि ते ताठ पेर वाकवून पाहिलं. ते वाकलं नाही. मग ते म्हणाले, "मला दुसऱ्या कुणाकडून कळलं. यायला धीर होत नव्हता. नामदेव, मी तुला निवडायला नको होतं. चूक झाली माझी. हे एवढं सांगायला आलो."

मला वाटलं, आता ह्यांना बरं वाटेल. मी आतून त्या माणसाचे आभार मानले.

"तसं म्हणू नका, साहेब," हे म्हणाले. "मार खाल्ला तो माझा हाय. बोट गेलं तेबी माझं. पण तुम्ही चुकून निवडलं म्हणालात, तर मग माझ्याकडं काय राहिलं? वर्षभर मी तेवढंच धरून बसलोय. कुणीतरी लांबून आलं, माझा चेंडू बघितला, आन् म्हणालं की चल. ते तरी खरं असू द्या."

चहा उकळून वर येत होता आणि मला तो उतरवायचं सुचत नव्हतं. भाऊसाहेब समजूत काढणारं काहीतरी बोलतील, असं मला वाटलं. तू चांगला खेळाडू होतास, वगैरे. ते तसलं काही बोलले नाहीत. त्यांनी टोपी शेजारी ठेवली आणि जरा रागानंच विचारलं, "तो डावखुरा आला, तेव्हा तू चेंडू इतका बाहेर का टाकत होतास? आत, यष्टींकडं का नाही आणलास?"

ह्यांनी वर पाहिलं.

"आत आणला असता साहेब, पण मिडविकेटला माणूस कुठं होता?"

"मागायचा कॅप्टनकडं."

"मी? कॅप्टनकडं?"

"मग कुणाकडं? चेंडू कुणाच्या हातात होता?"

"एकदा मागितला होता," हे म्हणाले. "जेवणाच्या सुट्टीनंतर. त्यांनी ऐकलं नाही. आन् त्याच्या आधी तो झेल..."

"त्या झेलाचं सोड. त्याच्या आधीचा चेंडू सांग. तो तू मुद्दाम हळू टाकलास ना?"

"तुमच्या ध्यानात आलं?"

"मी पॅव्हेलियनमध्येच बसलो होतो. म्हणून तर विचारतोय."

मग हे खाली जमिनीवर बसले आणि भाऊसाहेबही पाट सोडून खाली बसले. ह्यांनी त्या ताठ बोटानं सारवणावर एक रेघ ओढली, म्हणजे ती खेळपट्टी असणार, आणि सांगायला लागले. पहिलं षटक, दुसरं षटक, कुठं वारा होता, कुठं टप्पा चुकला, कोण काय म्हणालं. भाऊसाहेब मध्येच अडवायचे, हे मान हलवून नाही म्हणायचे, आवाज चढवायचे. वर्षभर ज्या माणसाच्या तोंडून दोन शब्द निघत नव्हते, तो भांडत होता.

मी चहा दोघांच्या मध्ये ठेवला. कुणी बघितलं नाही. पुण्याच्या गाडीची वेळ झाली होती आणि बाहेर टांगेवाला हाका मारत होता. मी पदर सावरून बाहेर गेले, त्याच्या हातात कपभर चहा दिला आणि सांगितलं, "दादा, ही गाडी जाऊ दे. पुढच्या गाडीनं जातील."